मधला मुक्काम

2016 च्या रमजानमध्ये आम्ही चौघे चारठाण्याहून निघालो. तीन महिन्यांचे काम होते, खजुराच्या हंगामापुरते, सौदी अरेबियातल्या अल-अहसा भागात. चौघांपैकी तिघे आम्ही. चौथा आमच्याच मोहल्ल्यातला, 19 वर्षांचा, आम्हा तिघांना ‘भाई’ म्हणणारा. हा लेख त्या चौथ्याबद्दल आहे, आणि म्हणूनच तो आम्ही तिघांनी मिळून लिहायचे ठरवले. लिहिणारा हात एकाचाच. पण जे घडले त्यात एकाने बोलायचे, दुसऱ्याने हसायचे आणि तिसऱ्याने गप्प बसायचे असा वाटा झाला होता. तेव्हा ‘आम्ही’ हेच खरे.

प्रश्न साधा आहे. दीनने दिलेली सवलत ज्याला स्वतःला लागत नाही, त्याने ती घ्यावी की सोडावी? आमच्याकडे याचे उत्तर विचारायचीही गरज पडत नाही. सोडणारा तो पक्का, घेणारा तो कच्चा. प्रवासात रोजा ठेवून आलेल्या माणसाला आपण पाट देतो, त्याच्या हातपाय धुण्याला पाणी देतो आणि चार लोकांत त्याचे नाव घेतो. सवलत घेऊन आलेला मागच्या दाराने घरात जातो. आम्हीही असेच वाढलो.

आधी निघालो का, ते सांगायला हवे. लागोपाठ दोन वर्षे मराठवाड्यात पाऊस नव्हता. त्याच एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सगळ्या देशाने वाचले. आमच्या जिंतूर तालुक्यात रेल्वेने पाणी आले नाही, पण विहिरींनी तळ दाखवला होता. चारठाणा हे जुने गाव. हेमाडपंती मंदिरे, तो नक्षीदार स्तंभ, बारव यांचे फोटो काढायला लांबून माणसे येतात. गावातल्या पोरांनी मात्र त्या वर्षी फोटो काढले ते पासपोर्टसाठी. ऊसतोडीला जाणारे दिवाळीच्या सुमारास जातात आणि उन्हाळ्यात परततात. पण ऊसच नव्हता तर तोड कसली? एजंटने सांगितले, खजुराच्या बागेत तीन महिने, राहणे-खाणे मालकाचे. कागदावर नेमके काय लिहिले होते ते एजंटला ठाऊक. त्या पोराच्या बापाने बैलजोडी विकली. दुष्काळात बैलाला काय भाव येतो हे शेतकरी वाचकाला सांगायला नको.

सेलूहून देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला आलो, तो दिवस मुसाफिरखान्यात काढला, रात्री विमानतळावर गेलो. सहेरी तिथेच, घरून आणलेल्या बाजरीच्या भाकरीची आणि लसणाच्या चटणीची. पोराने दोन घास खाल्ले आणि बाजूला सारले. त्याचे लक्ष काचेपलीकडच्या विमानांकडे होते. पहाटे पाचला विमान निघाले आणि ढगांत शिरल्यावर ते दोन घासही त्याच्या पोटात राहिले नाहीत.

दुबईला उतरलो तेव्हा तिथे सकाळचे साडेसहा वाजले होते. पुढचे दम्मामचे विमान रात्री दहाला. स्वस्तातले तिकीट म्हटल्यावर असा मधला मुक्काम असतोच. बाहेर जायचे नाही, झोपायला जागा नाही. पंधरा तास खुर्च्यांवर.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण पंधरा तास बसल्यावर माणूस शब्दांशीच खेळायला लागतो. ‘मुक्काम’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. पत्रावर ‘मुक्काम पोस्ट चारठाणा’ लिहितो तेव्हा तो राहण्याचा पत्ता असतो. ‘वाटेत एक मुक्काम केला’ म्हणतो तेव्हा तो न राहण्याचा. फिकहमधला ‘मुकीम’ म्हणजे एके जागी राहणारा, आणि सौदीत परदेशी कामगाराला जे ओळखपत्र देतात तो ‘इकामा’, हे तिन्ही एकाच अरबी धातूतून आलेले. मुसाफिर कधी संपतो आणि मुकीम कधी सुरू होतो, याचा हनफी हिशेब आम्हाला मदरशापासून पाठ होता. 48 मैलांवर जायला निघाला आणि गावाची वेस ओलांडली की माणूस मुसाफिर. कुठे 15 दिवस किंवा जास्त राहण्याचा इरादा केला की मुकीम. चारठाण्याहून परभणीला गेलेला मुसाफिर होत नाही, मुंबईला गेलेला होतो. आणि आज जातो, उद्या जातो असे म्हणत वर्षभर कुठे अडकून पडला तरी तो मुसाफिरच. या हिशेबाने दुबईच्या खुर्चीवर आम्ही पक्के मुसाफिर होतो आणि बागेत पोहोचताच, तीन महिन्यांचा इरादा असल्यामुळे, मुकीम होणार होतो. म्हणजे थंडगार विमानतळावर रोजा सोडायची सवलत होती. 45 अंशांच्या उन्हात ती संपणार होती. हा विरोधाभास आम्हाला तेव्हाच जाणवला होता, पण एक गंमत म्हणून. आम्ही त्यावर हसलोही.

आणखी एक हिशेब होता, तो आम्ही केला नाही. पश्चिमेकडे जाणाऱ्याचा रोजा लांबतो. मुंबईत साडेचारच्या सुमारास सहेरी संपलेली. त्या दिवशी मुंबईत इफ्तार सव्वासातला होणार होता. दुबईत सूर्य सातनंतर मावळतो, पण तिथले घड्याळ दीड तास मागे. म्हणजे आपल्या घड्याळाने रात्रीचे पावणेनऊ होत आले. सोळा तासांचा रोजा, आणि त्यातल्या एकाच्या पोटात सहेरीही नाही.

दुपारी जोहरला आम्ही विमानतळावरच्या नमाजच्या खोलीत गेलो. वुजू करताना पोरगा आमच्या शेजारच्या नळावर होता. रोजेदार गुळणी करतो ती जपून, पाणी तोंडात फिरवून थुंकतो. त्याने ओंजळ भरली, तोंडात घेतली, आणि त्याचा घसा हलला. मग दुसरी ओंजळ. मग तिसरी, चौथी. त्याने आमच्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर तिघांचेही हात कोरडे राहिलेले दिसले असते.

आम्ही काही बोललो नाही. बोललो असतो तर बरे झाले असते. जमिनीवर बसून दोन वाक्यांत विषय मिटला असता: तू मुसाफिर आहेस, तुझे पोट रिकामे आहे, तुला मोकळीक आहे, नंतर एक कजा ठेव. चार पावलांवर खाण्याची दुकाने प्रवाशांसाठी उघडी होती. विमानतळाने मुसाफिराची सोय केली होती. आम्ही मात्र सात तास ती गोष्ट तोंडात धरून बसलो आणि इफ्तारच्या वेळी बाहेर काढली. खजुराचे पाकीट फोडले. पोराने हात पुढे केला. आमच्यातला एक म्हणाला, “पानी पी के बी रोजा होता क्या रे आजकल?” दुसरा हसला. तिसऱ्याने पाकीट आपल्या मांडीवर ठेवले. पोराचा हात परत गेला. विमानात बसेपर्यंत त्याने काही खाल्ले नाही; म्हणजे ज्या दिवशी त्याला खाण्याची मोकळीक होती त्या दिवशी तो आमच्यापेक्षा जास्त उपाशी राहिला.

आमच्या बाजूने एवढे सांगता येईल की आम्हाला मसला अर्धवट माहीत होता. रोजाची नीयत करून मग तोडणे मुसाफिरालाही बरे नाही, असे आम्ही ऐकले होते. ते खरेही आहे. पण पुढचे अर्धे आम्ही ऐकले नव्हते किंवा ऐकून सोडले होते: तहान-भुकेने जीव कासावीस झाला तर तेच कारण पुरते, आणि तशा रोजाची फक्त कजा आहे, कफ्फारा नाही. परत आल्यावर जिंतूरच्या एका मौलानांनी हे समजावले. त्यांनी समजावताना आवाज चढवला नाही. आम्हाला वाटले होते चढवतील.

अल-अहसा हे मोठे मरूद्यान आहे. युनेस्कोने 2018 साली त्याला जागतिक वारसा म्हटले तेव्हा 25 लाख खजुरीच्या झाडांचा आकडा छापून आला. आम्हाला तो कमीच वाटला. जूनमध्ये तिथे घोसांखाली आधार द्यायचे, घोस फांद्यांना बांधायचे, जाळीच्या पिशव्या चढवायच्या. मग पिकू लागला की तोडणी, निवडणी, पेट्या भरणे. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी 12 ते 3 उघड्यावर काम करायचे नाही असा तिथला नियम आहे, आणि आमच्या बागेत तो बहुतेक दिवस पाळलाही जात असे. पण अकराचे ऊन साडेतीनच्या उन्हापेक्षा फार वेगळे नसते. शिवाय त्या ओॲसिसमध्ये पाटाचे पाणी असल्यामुळे हवेत दमटपणा. घाम वाळत नाही.

पोरगा झाडावर भराभर चढायचा. मुकादम खूश होता. बागेतले काही जुने कामगार, त्यांत आपले बिहारचे आणि पाकिस्तानातलेही होते, ज्या दिवशी अंगात ताप किंवा चक्कर असेल त्या दिवशी सरळ पाणी प्यायचे आणि वहीत कजाचा आकडा मांडून ठेवायचे. एकाने पोराला दोनदा सांगितले. पोराने आमच्याकडे पाहिले, आणि नको म्हणाला. त्या बघण्याचा अर्थ आम्हाला कळला नाही असे म्हणणे खोटे ठरेल. कळला, आणि थोडे बरेही वाटले. पोरगा सुधारला असे वाटले.

24 व्या रोजाला तो झाडाखाली पेट्या उचलताना पडला. अंग भट्टीसारखे, घाम बंद, बोलणे असंबद्ध. पाच दिवस दवाखान्यात. जगला, याचे शुक्र अल्लाहचे. पण उन्हाने एकदा असे धरलेल्या माणसाला पुन्हा उन्हात पाठवत नाहीत, आणि बागेत उन्हाशिवाय काय आहे? ईदनंतर आठवड्याभरात त्याला परत पाठवले. तीन महिन्यांच्या ठिकाणी जेमतेम तीन आठवड्यांची मजुरी, त्यातून परतीचे तिकीट वजा. इकडे गावी चांगला पाऊस झाला होता. पेरणीला बैल लागत होते, आणि बैल विकलेले होते.

आता या सगळ्यात आमचा दोष किती? पडला तो उन्हाने. पाठवले एजंटने. रोजा ठेवला त्याने स्वतः, त्याच्या तोंडात आम्ही कुलूप घातले नव्हते. हे सगळे आम्ही एकमेकांना पुष्कळदा सांगितले आहे. एखादी गोष्ट पुष्कळदा सांगावी लागते तेव्हा ती पटलेली नसते.

हनफी ग्रंथांत या प्रश्नाचा विचार आम्ही समजत होतो त्याहून फार बारकाईने झाला आहे. ‘दुर्रे मुख्तार’मध्ये भट्टीपुढे रोटी भाजणाऱ्याचे उदाहरण येते. रोजाच्या दिवशी अंगातले त्राण जाईल असे काम करू नये. नानबाईने अर्धा दिवस भाजावे, अर्धा दिवस विसावा घ्यावा. ऐकायला ठीक. पण ज्याचे पोट अर्ध्या दिवसाच्या मजुरीवर भरत नाही त्याचे काय? दमास्कसचे इब्न आबिदीन (1784-1836), ज्यांच्या ग्रंथाला आपल्याकडे मदरशात नुसते ‘शामी’ म्हणतात, त्यांना हा प्रश्न पडला. त्यांच्या मते घरात पुरेसे असेल तर अशा कामासाठी रोजा सोडणे हलाल नाही. नसेल, आणि दुसरे हलके काम मिळत नसेल, तर गरजेपुरते काम करावे, मग त्यात रोजा सोडावा लागला तरी चालेल. हाताशी मजूर नाही आणि पीक वाया जाईल अशा शेतकऱ्यालाही हेच. आणि पुढची गोष्ट वाचून आम्ही थबकलो: ज्याने ठराविक मुदतीसाठी स्वतःला कामावर बांधून घेतले आणि मध्येच रमजान आला, मालक करार मोडू देत नाही, त्यालाही मोकळीक दिसते. दोनशे वर्षांपूर्वी दमास्कसमध्ये बसलेल्या माणसाने चारठाण्याच्या पोराचा विचार केला होता. त्याच्याबरोबर चारठाण्याहून निघालेल्या तिघांनी केला नव्हता.

पण मसला माहीत असणे वेगळे आणि त्याचा उपयोग होणे वेगळे. मसला त्या पोरालाही ऐकून माहीत होता; जुन्या कामगारांनी सांगितलाच होता. मग त्याने तो का वापरला नाही? इथे आमच्या मते खरा प्रश्न आहे. सवलत कागदावर असून भागत नाही. ती घेणारा कोणीतरी समोर दिसावा लागतो, आणि तो असा असावा लागतो की ज्याला कोणी कच्चा म्हणणार नाही.

हदीसमध्ये याची साक्ष आहे. मक्का विजयाच्या वर्षी रमजानमध्ये प्रवास चालला होता. लोकांना रोजा जड जात होता, पण पैगंबर (स.) ठेवतात म्हणून तेही ठेवत होते. तेव्हा त्यांनी अस्रनंतर पाण्याचे भांडे मागवले, सगळ्यांना दिसेल असे उंच धरले आणि प्याले. आम्ही ही हदीस लहानपणापासून ऐकत आलो. ऐकताना लक्ष ‘प्याले’ या शब्दावर असायचे. ‘सगळ्यांना दिसेल असे’ याकडे कधी गेले नाही. तहानच भागवायची असती तर तंबूत भागली असती. भांडे वर धरले ते मागच्या रांगेतल्या माणसासाठी, ज्याचे ओठ सुकले होते आणि जो पुढच्या माणसाकडे बघून गप्प होता. आणि अनस (रजि.) यांच्याकडून आलेले आहे की प्रवासात काही साथीदार रोजा ठेवत, काही ठेवत नसत, आणि कोणी कोणाला नावे ठेवत नसे. आमच्या चौघांच्या काफिल्यात हीच एक गोष्ट नव्हती. बाकी टोप्या, तसबीह, सगळे होते.

यावर एक आक्षेप आमच्यातलाच एक घेतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो म्हणतो, असे प्रत्येक ताकदवानाने सवलत घ्यायची ठरवले तर रोजा ठेवणार कोण? पोरे बघून शिकतात ते ठेवायलाही शिकतात. त्याच्या बापाने कापसाच्या गिरणीत भर उन्हाळ्यात रोजे काढले, त्या आठवणीवर तो स्वतः उभा आहे. हे खरे आहे. आम्हाला याचे पूर्ण उत्तर देता येत नाही. एवढेच म्हणता येते की आपल्या कष्टाचा रोजा ही आपली आणि अल्लाहची गोष्ट आहे. तो दुसऱ्याच्या अंगाला लावायची मोजपट्टी झाला की तो रोजा राहत नाही, निदान निखळ राहत नाही. तो यावर मान हलवतो. पटून हलवतो की कंटाळून, ते ठाऊक नाही.

पोरगा आता पोरगा राहिला नाही. फाट्यावर त्याचे पंक्चरचे दुकान आहे, शिवाय जुनी जीप घेऊन तो भाड्याने चालवतो. त्याने त्या वर्षी शव्वालमध्ये सगळ्या कजा ठेवल्या, दुबईच्या दिवसाची धरून. आम्ही त्याची माफी मागितली नाही. एकदा विषय काढला तर म्हणाला, “छोडो भाई, हुआ सो हुआ.” रमजानमध्येही दुकानापुढे त्याचा पाण्याचा माठ उघडा असतो, ग्लास साखळीला. त्यावरून लोक बोलतात. ट्रकवाले थांबतात, पितात, जातात.

2024 च्या रमजानमध्ये नांदेडला एका नात्यातल्या मयतीला गेलो होतो. रात्र तिथेच काढली, दुसऱ्या दिवशी त्याच्या जीपमधून वसमत-औंढ्यामार्गे परत निघालो. आम्ही तिघे, आणि मागे एक म्हाताऱ्या खाला, शुगर असलेल्या. डॉक्टरने नको म्हटले तरी रोजा धरलेला. औंढ्याच्या अलीकडे त्यांची मान सीटवर कलली. ओठ पांढरे. आम्ही म्हणालो, खाला, पाणी घ्या. त्यांनी आमच्या तिघांच्या कोरड्या तोंडांकडे पाहिले आणि मान हलवली. त्याने जीप बाजूला घेतली, सीटखालची बाटली काढली, मागे वळला आणि त्यांच्यासमोर घटाघटा प्याला. तोंड पुसून म्हणाला, “मुसाफिर हूँ खाला. तुम बी पियो.” खालांनी बाटली घेतली. त्या प्याल्या, थोडे पदरावर सांडले.

मग बाटली आमच्याकडे आली. तो काही बोलला नाही, गाडी सुरू करून पुढे बघत होता. बाटलीत निम्मे पाणी होते. आमच्यातल्या थोरल्याने झाकण उघडले, थोडा वेळ तशीच धरली, मग दुसऱ्याकडे दिली, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. तिसऱ्याने झाकण लावून ती सीटखाली ठेवली.